भुईकोटातली अभ्यासिका

नगर शहरातून भिंगारकडे निघालं की सपाट जमिनीवर भुईकोट किल्ला लागतो. डोंगराचा आधार नाही; सगळी भिस्त रुंद खंदकावर आणि गोलाकार दगडी तटावर. हा तट सोळाव्या शतकाच्या मध्यावर हुसेन निजामशहानं बांधला आणि १५९५मध्ये चांदबिबीनं तो मुघलांविरुद्ध लढवला. पुढे मात्र शत्रूला अडवण्यापेक्षा माणसं कोंडण्यासाठीच त्याचा उपयोग झाला. १७९८मध्ये दौलतराव शिंद्यांच्या कैदेत नाना फडणवीस इथेच होते. इंग्रजांनी दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्धकैदीही नगरला आणून ठेवले.

गुन्हेगारी न्याय आणि कारागृह-सुधारणा शिकणाऱ्यानं या किल्ल्यात एकदा तरी यावं, ते १९४२साठी.

‘चले जाव’चा ठराव मंजूर झाल्यावर ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. गांधीजींना वाटेत चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं. काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य नगरला आले. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव यांच्यासह एकूण बारा जण. खटला नाही, आरोपपत्र नाही, सुटकेची तारीख नाही. शिक्षा आणि स्थानबद्धता यांतला फरक वर्गात व्याख्येनं शिकवतात, इथे तो खोल्यांच्या रांगेसमोर उभं राहिलं की कळतो. सुरुवातीला या मंडळींना वर्तमानपत्रंही मिळत नव्हती. एप्रिल १९४३मध्ये आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या, तेव्हा ते याच तटाआड होते.

तरीही या खोल्यांची अभ्यासिका झाली. दगडधोंड्यांनी भरलेली जमीन खणून नेहरूंनी फुलबाग केली आणि एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं. सोबतच्या पंडितांना शंका विचारता येत होत्या. पुस्तक त्यांनी या सहबंद्यांनाच अर्पण केलं. आझादांनी चहापासून खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांपर्यंत सगळ्यांवर उर्दूतून पत्रं लिहिली. ती टपालात पडली नाहीत. ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून नंतर छापली गेली. आचार्य नरेंद्र देव ‘अभिधर्मकोशा’च्या अनुवादात गढले होते, तर हरेकृष्ण महताब ओडिशाचा इतिहास लिहीत होते.

हे सगळे मुळात विद्वान होते आणि त्यांना पुस्तकं मिळत होती. साध्या बराकीतल्या कैद्याला दोन्ही गोष्टी क्वचितच लाभतात. म्हणूनच नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानं कारागृहांत चालवलेली अभ्यासकेंद्रं मोलाची आहेत. अर्धवट सुटलेलं शिक्षण पुरं करून गजाआडून पदवी घेणाऱ्या बंद्याला बाहेर पडताना गुन्ह्याच्या नोंदीखेरीज दुसरीही ओळख मिळते. सुधारणा हा शब्द कारागृहाच्या पाटीवरून प्रत्यक्षात येतो तो असा.

नेहरू २८ मार्च १९४५ला नगरहून हलवले गेले. पूर्ण सुटका जूनमध्ये झाली. तोवर या एका कारावासाचे १,०४१ दिवस भरले होते, त्यांच्या आयुष्यातले सर्वांत दीर्घ.

किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे. जाताना ओळखपत्र बरोबर ठेवावं. आत नेत्यांच्या खोल्या जपून ठेवल्या आहेत आणि त्यांच्यापुढे ते अंगण आहे, जिथे दगड वेचून वाफे केले गेले.