जर्मन विद्यापीठात प्रवेश : बारावीची गुणपत्रिका का पुरत नाही?

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क आकारले जात नाही, ही बाब गोव्यातील पालकांना आता नवीन राहिलेली नाही. बारावीला ८५ टक्के मिळवलेला मुलगा अभियांत्रिकीसाठी परस्पर आखेनकडे डोळे लावून बसतो, तो याच भरवशावर. काही महिन्यांनी अर्ज नाकारल्याचे उत्तर येते, आणि त्यात दिलेले कारण गुणांशी संबंधित नसते. जर्मन नियमांच्या दृष्टीने त्या विद्यार्थ्यापाशी विद्यापीठात शिकण्याचा हक्कच तयार झालेला नसतो.

या हक्काला जर्मन भाषेत होखशूलत्सुगांग्सबेरेश्टिगुंग म्हणतात. शब्द जिभेला जड असला तरी कल्पना सरळ आहे. जर्मन विद्यार्थी आबिटुअर ही शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला की त्याला हा हक्क मिळतो. परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याचे प्रमाणपत्र आबिटुअरच्या तोडीचे आहे काय, हे आधी पाहिले जाते. भारतातील बारावी तशी मानली जात नाही. मग ती गोवा मंडळाची असो, केंद्रीय मंडळाची असो वा बेळगावच्या विद्यार्थ्याची कर्नाटकातील पदवीपूर्व परीक्षा असो. ९५ टक्के मिळवणाऱ्यालाही तोच नियम लागू पडतो.

यातून बाहेर पडण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला मार्ग मोजक्यांसाठीच आहे. जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला तांत्रिक व नैसर्गिक विज्ञानाच्या शाखांत थेट अर्ज करता येतो. दुसरा मार्ग अधिक जणांना परवडणारा आहे. भारतातील मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचे पहिले वर्ष यशस्वीरीत्या पूर्ण केले की प्रवेशाचा हक्क मिळतो, परंतु तो त्याच विषयाशी बांधलेला असतो. रसायनशास्त्राचे वर्ष पूर्ण केलेल्याने रसायनशास्त्र किंवा त्याला लागून असलेल्या विषयासाठीच अर्ज करावा. वाणिज्य शाखेत वर्ष काढून संगणकशास्त्र मागता येत नाही. ‘यशस्वीरीत्या’ हा शब्दही नीट वाचायला हवा. एटीकेटी घेऊन दुसऱ्या वर्षात गेलेला विद्यार्थी आपल्याकडे पुढच्या वर्गात बसतो, पण विषय राहिलेला असताना वर्ष पूर्ण झाले असे म्हणता येत नाही.

तिसरा मार्ग श्टूडियनकोलेगचा. विद्यापीठपूर्व तयारीचा हा साधारण दोन सत्रांचा अभ्यासक्रम जर्मनीतच पूर्ण करावा लागतो. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांसाठी टी, वैद्यकासाठी एम, अर्थशास्त्र व समाजशास्त्रांसाठी डब्ल्यू असे त्याचे गट आहेत. शेवटी होणारी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्या गटातील विषयांची दारे खुली होतात. येथे प्रवेश मिळवण्यासाठीही परीक्षा असते. तीत जर्मन भाषा असतेच, बहुतेक ठिकाणी गणितही असते. साधारण बी-वन ते बी-टू पातळीचे जर्मन येत असल्याखेरीज तेथे निभाव लागत नाही, आणि ती भाषा दोन-तीन महिन्यांच्या शिकवणीत येत नाही. ‘थेट प्रवेश’ अशी जाहिरात करणारे दलाल हा भाग वगळूनच बोलतात. त्यांनी दाखवलेले प्रवेशपत्र अनेकदा भरमसाट शुल्क घेणाऱ्या खाजगी संस्थेचे असते.

पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्यांची अडचण वेगळी असते. जर्मन गुणपद्धतीत १ हा आकडा सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. आपले गुण त्या मापात बसवण्यासाठी ‘बव्हेरियन सूत्र’ वापरतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल व उत्तीर्णतेचे किमान गुण यांतील फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. शंभरपैकी ६० गुण आणि उत्तीर्णतेची रेषा ४० असेल तर उत्तर ३.० येते. आपल्याकडे ज्याला प्रथम श्रेणी म्हणून पेढे वाटले जातात, तो निकाल तिकडे मध्यम ठरतो. अनेक अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ असते, आणि या हिशेबाने तिथे पोहोचायला ७० टक्के लागतात. उत्तीर्णतेची रेषा ३५ असेल तर त्याच ७० टक्क्यांचे सुमारे २.४ होतात. म्हणून विद्यापीठाकडून गुणपद्धतीचा अधिकृत खुलासा मागून घेणे हे केवळ कागद वाढवणे नव्हे.

कागदपत्रांची खरी पारख एपीएस या कक्षाकडे आहे. दिल्लीतील जर्मन दूतावासाशी संलग्न असलेला हा कक्ष भारतीय प्रमाणपत्रांची सत्यता तपासतो. नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी त्याचे प्रमाणपत्र बंधनकारक झाले असून शुल्क १८,००० रुपये आहे. तपासणीला काही आठवडे लागू शकतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पारपत्रावर नंतर, आणि पदवीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नावच गळालेले, असा प्रकार आपल्याकडे सर्रास आढळतो. ही दुरुस्ती अर्जाच्या आधीच उरकलेली बरी.

त्यानंतर अर्ज. सुमारे १७० विद्यापीठे व उच्चशिक्षण संस्था परदेशी अर्जांची छाननी बर्लिनच्या युनि-असिस्ट या संस्थेकडे सोपवतात. पहिल्या अर्जाला ७५ युरो व त्याच सत्रातील पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो पडतात. ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होणाऱ्या हिवाळी सत्रासाठी १५ जुलै ही सर्वसाधारण अखेरची तारीख असली तरी कित्येक पदव्युत्तर अभ्यासक्रम त्याच्या कितीतरी आधी बंद होतात.

शुल्कमाफीचीही एक बाजू सांगितली जात नाही. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम गोठवलेल्या खात्यात आधीच भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो झाली. शिवाय बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून प्रत्येक सत्राला १,५०० युरो घेते, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ पासून शुल्क सुरू केले आहे.

गोव्यात यावर हमखास निघणारा प्रश्न पोर्तुगीज पारपत्राचा. ते ज्याच्याकडे आहे तो युरोपीय संघाचा नागरिक. त्याला व्हिसा लागत नाही, त्यासाठीचे गोठवलेले खाते लागत नाही, वरील दोन्ही ठिकाणचे शुल्कही लागू होत नाही. मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमांत तो परदेशी कोट्यात न जाता जर्मन विद्यार्थ्यांबरोबर मोजला जातो. प्रवेशाचा हक्क मात्र पारपत्रावरून ठरत नाही, तो शेवटच्या परीक्षेच्या प्रमाणपत्रावरून ठरतो. म्हापशात बारावी झालेल्या मुलाच्या खिशात लिस्बनचे पारपत्र असले, तरी जेईई अॅडव्हान्स्ड, पदवीचे एक वर्ष किंवा श्टूडियनकोलेग यांपैकी एक पायरी त्यालाही चढावीच लागते.