यूट्यूब बंद पडलं आणि /२४ चा नियम आडवा आला

२४ फेब्रुवारी २००८. पाकिस्तान सरकारने देशात यूट्यूब बंद करायला सांगितलं होतं आणि त्या दिवशी साधारण दोन तास जगातल्या बऱ्याच लोकांचं यूट्यूब बंद पडलं. हॅकिंग वगैरे काही नव्हतं. राउटरनी फक्त नियम पाळला होता.

तो नियम काय? प्रत्येक नेटवर्क आपल्या आयपी पत्त्यांचे गट बीजीपीवर जाहीर करतं: "हे पत्ते माझ्याकडे, ट्रॅफिक इकडे पाठवा." या गटाला प्रीफिक्स म्हणतात. त्याच्यापुढचा आकडा मोठा, तितका गट लहान. /२२ म्हणजे १०२४ पत्ते, /२४ म्हणजे २५६ आणि /२५ म्हणजे १२८. एकाच पत्त्यासाठी दोन मार्ग दिसले तर राउटर लहान गटाचा मार्ग धरतो. मी हे कुरियरवरून समजावतो: 'पुणे' आणि 'कोथरूड' असे दोन कप्पे असतील, तर कोथरूडचं पार्सल कोथरूडच्याच कप्प्यात जाणार ना?

यूट्यूबचा गट /२२ होता. पाकिस्तान टेलिकॉमने त्यातलाच एक /२४ स्वतःचा म्हणून जाहीर केला. तो देशाबाहेर जायला नको होता, पण हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने तो पुढे पाठवला आणि ट्रॅफिक तिकडे वळलं. यूट्यूबने आधी तोच /२४ जाहीर केला, मग दोन /२५. लहान गट जिंकतो, म्हणजे प्रश्न सुटायला हवा होता. पण बरेच प्रोव्हायडर /२४ पेक्षा लहान गट घेतच नाहीत. पीसीसीडब्ल्यूने तो चुकीचा मार्ग काढला, तेव्हा कुठे सगळं सुरळीत झालं.

मग असा फिल्टर लावतातच कशाला? कारण राउटरची मेमरी मर्यादित असते. १२ ऑगस्ट २०१४ ला मार्गांची संख्या ५ लाख १२ हजारांच्या वर गेली आणि तेवढीच जागा असलेले जुने राउटर अडखळले. कितीही लहान गट चालले असते, तर ही यादी आवरलीच नसती. आयपीव्ही६ मध्ये हीच मर्यादा साधारण /४८ आहे.

पण हा फिल्टर गटाचा आकार बघतो, मालक कोण ते बघत नाही. म्हणून तर पाकिस्तानचा /२४ आरामात पुढे गेला. मालकी तपासायला आरपीकेआय आहे: हा गट कोणत्या नेटवर्कने जाहीर करायचा आणि किती लहान करायचा, याची डिजिटल सही केलेली नोंद. तुमचा प्रोव्हायडर ती तपासतो का? वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर क्लाउडफ्लेअरचं 'इज बीजीपी सेफ येट' हे पान उघडा आणि टेस्ट करून बघा.