गवत खाणाऱ्या गाईची साखर

रक्तातली साखर म्हणजे पोटात गेलेल्या अन्नाचा हिशेब, अशी आपली पक्की समजूत असते. लाडू खाल्ला की चढणार, उपास केला की उतरणार. गाईकडे पाहिलं की ही समजूत डळमळते. तिने खाल्लेला कडबा पोटातले सूक्ष्मजीव आंबवतात. त्यातून तिच्या वाट्याला ग्लुकोज जवळजवळ येतच नाही, येतात ती आम्लं. तरी तिच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण ४५ ते ७५ मिलिग्रॅम ग्लुकोज असतंच, शिवाय १० लिटर दुधातून ती अर्धा किलोच्या आसपास दुग्धशर्करा देते. त्यासाठीचं ग्लुकोज तिचं यकृत घडवतं, मुख्यतः त्या आम्लांपैकी प्रोपियॉनिक आम्लापासून.

साखर घडवणं हे वनस्पतींचं काम, प्राण्यांनी ती फक्त जाळायची, असं एकेकाळी विद्वानही मानत. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने निव्वळ मांसावर ठेवलेल्या कुत्र्याचं रक्त तपासलं, तर यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर भरपूर. मग त्याने यकृत पाण्याने इतकं धुतलं की साखरेचा मागमूस उरला नाही, आणि ते तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा साखर! १८५७ साली त्याने यकृतातला हा साठा, ग्लायकोजेन, वेगळा काढून दाखवला. रक्त ही वाट आहे; कोठार यकृतात आहे.

माणूस काही गाय नव्हे, असं कुणी म्हणेल. खरंय; भातातलं ग्लुकोज आपल्या रक्तात थेट उतरतं आणि जेवणानंतर साखर चढते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रौढ माणसाच्या साऱ्या रक्तात मिळून जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर, ग्लुकोज असतं. एकटा मेंदूच ते तासाभरात संपवेल. रात्रभर काही न खाता आपण सकाळी शुद्धीवर उठतो ते यकृताच्या जिवावर. शिवाय किती साखर ‘योग्य’ हेही ज्याचं त्याचं शरीर ठरवतं: कोंबडीच्या रक्तात ती दोनशेच्या वर असते आणि कोंबडी ठणठणीत असते. रात्री हलकं जेवूनही सकाळी उपाशीपोटी साखर वाढलेली पाहून मधुमेही माणूस बुचकळ्यात पडतो, त्याचं उत्तरही इथंच आहे. इन्शुलिनचा लगाम सैल पडला की यकृत गरज नसताना साखर सोडत राहतं. मधुमेहात सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळीसुद्धा मुख्यतः यकृताची ही साखरनिर्मितीच आवरते.