पगार नाकारणारी पलटण

१८ जुलै १८६३. ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचे काळे सैनिक फोर्ट वॅग्नरवर चालून जातात आणि ‘ग्लोरी’ (१९८९) हा अमेरिकन यादवी युद्धावरचा चित्रपट संपतो. चित्रपट जरूर पाहावा. पण लढा तिथे संपला नव्हता. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. यांना १०, त्यातून कपड्यांचे ३ कापून हाती ७! यांनी पगारच नाकारला. राज्य सरकारने फरक भरून देऊ केला, तोही नाकारला. भीक नको होती, दर्जा हवा होता. पडद्यावर हे एका प्रसंगात उरकते आणि टाळ्या घेतो पावती फाडणारा गोरा कर्नल! जून १८६४ मध्ये अमेरिकी संसदेला समान वेतनाचा कायदा करावा लागला. त्यातही मेख होतीच: युद्धाच्या आरंभी जे गुलाम होते, त्यांना फरक भरतीपासून नव्हे, १ जानेवारी १८६४ पासूनच.