पदवी सीमा ओलांडते, सवलत नाही

“पांढुर्ण्याची बीए नागपुरात चालत नाही.” बारावीचा निकाल लागला की हे वाक्य मध्य प्रदेशातल्या, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या पांढुर्णा-सौंसरच्या घराघरांत फिरू लागतं. सांगणारा बहुधा कुणाचा तरी मामा असतो आणि तो नागपुरात नोकरीला असतो, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. मग ऐपत असलेली घरं पोराला नागपुरात खोली करून देतात. नसलेली गावातल्याच सरकारी कॉलेजात नाव घालतात आणि चारचौघांत सांगताना आवाज खाली घेतात. हे वाक्य साफ खोटं आहे. पण त्याच्याच शेजारी दुसरं एक वाक्य नांदतं: “आपण मराठीच, म्हणजे महाराष्ट्रात आपल्यालाही सगळं मिळंल.” तेही तितकंच खोटं. पहिल्या वाक्याने उगाच कमीपणा येतो, दुसऱ्याने वर्ष वाया जातं.

आधी पदवीचं बघू. पांढुर्णा आणि सौंसरची शासकीय महाविद्यालयं छिंदवाड्याच्या राजा शंकर शाह विद्यापीठाशी संलग्न आहेत. मध्य प्रदेश सरकारने हे विद्यापीठ 2019 मध्ये छिंदवाडा विद्यापीठ म्हणून उभं केलं. 18 सप्टेंबर 1857 रोजी इंग्रजांनी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिलेल्या गोंड राजाचं नाव त्याला नंतर मिळालं. विद्यापीठ नवं आहे, जुन्या विद्यापीठांसारखा दबदबा त्याला नाही, हे खरं. पण पदवी खरी की खोटी हे दबदब्यावर ठरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्यातलं कलम 22 सांगतं की केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार आहे. त्या पदवीवर नागपुरात एमए करता येतं, पुण्यात बीएड करता येतं, बँकेची परीक्षा देता येते, लोकसेवा आयोगाचा अर्ज भरता येतो. तिथल्या जाहिरातीत “मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी” एवढंच लिहिलेलं असतं; तालुक्याचं नाव कुणी विचारत नाही.

शिवाय पदवी कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. सौंसरच्या मुलीच्या पदवीवर विद्यापीठाचंच नाव असतं, छिंदवाड्यातल्या मुलीच्या पदवीवर असतं तेच. “इथं शिकवायला अतिथी विद्वान असतात, त्यांना काय येतं,” असंही ऐकू येतं. अतिथी विद्वान म्हणजे कायम नेमणूक नसलेले प्राध्यापक. त्यांच्यातल्या अनेकांकडे नेट, सेट किंवा पीएचडी असते. कमतरता ज्ञानाची नाही, नोकरीच्या खात्रीची आहे. वर्षाच्या मध्येच सर बदलतात आणि अर्धवट राहिलेला धडा नव्या सरांच्या गळ्यात पडतो. तक्रार करायची तर त्याची करावी.

5 ऑक्टोबर 2023 रोजी पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा आणखी एक अफवा उठली: आता छिंदवाड्याचे दाखले बाद, विद्यापीठही बदलणार. जिल्हा बदलल्याने आधी दिलेला मूल निवासी, म्हणजे अधिवासाचा, किंवा जातीचा दाखला रद्द होत नाही. विद्यापीठाचं कार्यक्षेत्र तर अनेक जिल्ह्यांचं असतं. जिल्ह्याची रेघ त्याला लागू नाही.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो राज्याच्या रेघेवर, आणि तो समजण्यासारखा आहे. 1956 पर्यंत हा भाग ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानीच नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ असे विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मागे राहिला. सोयरिकी मात्र वरूड, नरखेड, काटोलशीच राहिल्या. संत्री आजही नागपूरच्या बाजारात जातात, दवाखान्यालाही माणूस नागपूरच गाठतो. तेव्हा प्रवेशही तिथल्याच मुलांसारखा मिळेल, असं वाटणं साहजिक आहे. नियम मात्र सोयरीक पाहत नाहीत.

महाराष्ट्राच्या सीईटीतून अभियांत्रिकीला जायचं तर उमेदवार राज्याचा आहे की बाहेरचा, हे ठरवायला प्रकार अ ते इ अशी विभागणी आहे. दहावी-बारावी महाराष्ट्रातून, स्वतःचा किंवा आई-वडिलांचा अधिवास महाराष्ट्राचा, आई किंवा वडील महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत, किंवा केंद्राच्या नोकरीत आणि नेमणूक महाराष्ट्रात, अशा त्या अटी आहेत. शेवटचा प्रकार आहे मराठी मातृभाषा असलेल्या सीमाभागातल्या मुलांसाठी. इथेच पांढुर्ण्यातल्या पालकाचे डोळे चमकतात: सीमाभाग, मराठी मातृभाषा, म्हणजे आपणच की! आपण नाही. तो सीमाभाग कर्नाटकातला, बेळगाव-कारवार-बिदरच्या बाजूच्या वादग्रस्त 865 गावांचा. मध्य प्रदेशावर महाराष्ट्राचा तसा दावाच नाही, त्यामुळे त्या सवलतीत सौंसरही नाही आणि पांढुर्णाही नाही. इथल्या मुलाने बाहेरच्या राज्याचा उमेदवार म्हणूनच अर्ज करायचा. जागा मिळूच शकत नाही असं नाही. खाजगी कॉलेजांत अखिल भारतीय जागा असतात. फक्त फी किती लागणार आणि स्पर्धा कोणत्या रांगेत होणार आहे, ते घरातून निघण्याआधी ठाऊक हवं.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसाला तिथल्या राज्याचं आरक्षण मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात स्पष्ट केलं. तो खटलाही प्रवेशाचाच होता, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातला. नदीपलीकडच्या मामाच्या गावात तीच जात त्याच यादीत असली तरी भाच्याचा दाखला तिथे राज्याच्या आरक्षणाला चालत नाही. केंद्राच्या परीक्षांचा आणि संस्थांचा हिशेब वेगळा. तिथे आपल्या राज्याचा दाखला, केंद्राच्या नमुन्यात काढून, देशभर चालतो.

आता याच नियमाची एक महत्त्वाची दुसरी बाजू आहे, आणि नेमकी तीच लोकांना माहीत नसते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची केंद्र पुरस्कृत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती देणारं राज्य म्हणजे विद्यार्थी जिथला आहे ते राज्य. मुलगा नागपुरात शिकत असला तरी त्याने ती मध्य प्रदेशाकडेच मागायची. कित्येक पोरं महाराष्ट्राच्या पोर्टलवर अर्ज भरतात, तो नाकारला जातो आणि “बाहेर शिकलं की शिष्यवृत्ती जाते” असा निष्कर्ष काढून मोकळी होतात.

उलट गावातल्या कॉलेजात राहिलं तर काय मिळतं, याची चर्चा कुणी करत नाही. ‘गांव की बेटी’ ही मध्य प्रदेशाची योजना घ्या. गावात राहून शिकलेल्या आणि बारावीला 60 टक्के मिळवलेल्या मुलीला कॉलेजात गेल्यावर महिन्याला 500 रुपये, वर्षात दहा महिने, म्हणजे 5,000 रुपये मिळतात. तिगाव किंवा बडचिचोलीहून रोज जाणं-येणं करणाऱ्या मुलीच्या बसभाड्याला त्याचा चांगला हातभार लागतो. पैसा अर्थात मध्य प्रदेशातल्या कॉलेजात शिकलं तरच. बोर्डाच्या चांगल्या गुणांवर ‘मेधावी विद्यार्थी’ योजना फी भरते. असंघटित कामगारांच्या मुलांसाठी वेगळी योजना आहे. मात्र सरकारी कॉलेज म्हणजे सगळं फुकट, हाही गैरसमज काढून टाका. पावतीवर जनभागीदारी समितीचं शुल्क असतं, परीक्षेचं शुल्क वेगळं, आणि स्ववित्तीय विषय घेतला तर आकडा बराच वाढतो.

पुढचा गोंधळ आहे चार वर्षांचा. नव्या शिक्षण धोरणाची अंमलबजावणी मध्य प्रदेशाने 2021-22 पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला सुरू केली. देशात असं करणाऱ्या पहिल्या एक-दोन राज्यांत तो होता. तेव्हापासून पालक धरून बसलेत की बीए चार वर्षांची झाली. तसं नाही. तीन वर्षांनी पदवी पूर्वीसारखीच मिळते. चौथं वर्ष ऑनर्सचं, ते ज्याला हवं आणि ज्याचे गुण तेवढे आहेत त्याच्यासाठी. ते केलं तर एमए दोनऐवजी एका वर्षाचं होऊ शकतं. ज्याला तिसऱ्या वर्षानंतर पोलीस भरतीत उतरायचंय त्याला त्याचा उपयोग नाही. ज्याला प्राध्यापकी किंवा संशोधन करायचंय त्याने जरूर विचार करावा.

पहिल्या वर्षानंतर सोडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, ही सोयही त्याच धोरणातली. कागदावर ती सुरेख आहे. मिळवलेली क्रेडिट शैक्षणिक खात्यात जमा राहतात, पुढे परत येऊन शिक्षण पुरं करता येतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात परतायला तीन वर्षांची आणि पदवी संपवायला एकूण सात वर्षांची मुदत आहे. पण सौंसरजवळच्या बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात काम शोधायला गेलेल्या पोराने बीएच्या पहिल्या वर्षाचं प्रमाणपत्र पुढे केलं, तर आयटीआयवाल्याच्या रांगेत त्याला कुणी उभं करेल असं मला वाटत नाही. ही सोय अडचणीत सापडलेल्यासाठी आहे. मुलीचं लग्न ठरलं, बाप आजारी पडला, तर झालेलं वर्ष वाया जाऊ नये, एवढाच तिचा खरा उपयोग. “एका वर्षात सर्टिफिकेट मिळतं” म्हणून कुणी प्रवेश घेऊ नये.

परदेशातल्या नातेवाइकांकडून आलेली एक कल्पनाही इथेच भेटते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलं दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून मग मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातात, ही तिथली रुळलेली वाट आहे. 1901 मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला तशा कॉलेजांची सुरुवात झाली. ती कॉलेजं तिथे कुणी दुय्यम मानत नाही, असं नाही. पण हिशेबी लोक पैसे वाचवायला तीच निवडतात. आपल्याकडे 1990 च्या दशकात पुदुच्चेरी आणि मद्रासला ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाचे प्रयोग झाले, आणि 2013-14 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने तशी योजनाही राबवली. आपल्याकडचा भर मात्र कौशल्याच्या छोट्या अभ्यासक्रमांवर राहिला. दोन वर्षांनी मोठ्या विद्यापीठात सरकायची वाट काही तयार झाली नाही. क्रेडिट जमा असली तरी दुसऱ्या विद्यापीठात जागा रिकामी हवी आणि विषय जुळायला हवेत. पांढुर्ण्यात दोन वर्षं काढून तिसऱ्याला नागपूर विद्यापीठात जाऊ, या भरवशावर राहू नये. तीन वर्षं इथे करून एमएला जाणं सोपं.

तरी घराजवळचं, स्वस्त, शेतीकाम सांभाळून करता येणारं कॉलेज हे अमेरिकेतल्या त्या कॉलेजाचं खरं काम इथली सरकारी कॉलेजं करतातच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापसाची वेचणी लागली की मागचे बाक रिकामे होतात. फेब्रुवारीनंतर मृग बहाराची संत्री तुटू लागतात, तेव्हा परीक्षेचा अभ्यास आणि बागेतली तोडणी एकत्र येतात. नियमित विद्यार्थ्याला हजेरीची अट आहे, अंतर्गत मूल्यमापन म्हणजे सीसीई आहे, शिवाय प्रकल्प किंवा इंटर्नशिप. “नाव घालून ठेवायचं आणि परीक्षेला जायचं” हा जुना हिशेब आता बसत नाही. पेपर चांगला जाऊनही सीसीई जमा नाही म्हणून निकाल अडकलेली पोरं दरवर्षी कॉलेजच्या खिडकीशी दिसतात. ज्याला वर्गात बसणं खरंच जमणार नाही त्याच्यासाठी मध्य प्रदेशात स्वाध्यायी, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘प्रायव्हेट’, परीक्षेची सोय आहे आणि भोपाळचं भोज मुक्त विद्यापीठही आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मराठी साहित्य हाताशी असतं म्हणून तिथे नाव घालायचा मोह होतो, पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाचं दूरशिक्षणाचं क्षेत्र त्याच्या राज्यापुरतं असतं, हे आधी पाहावं.

मराठीचं काय, हा प्रश्न उरतोच. वर्ग हिंदीत चालतो, मैदानावर वऱ्हाडी. “हिंदीत शिकलं म्हणजे मराठीतून परीक्षा द्यायचा हक्क गेला” असं पुष्कळांना वाटतं. संघ लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत लिहिता येते, मग पदवी कोणत्याही माध्यमातली असो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगालाही इथला पदवीधर बसू शकतो, मात्र खुल्या गटातून आणि मराठी येत असेल तर. घरी मराठी बोलणारी पण देवनागरीत फक्त हिंदीच लिहिलेली मुलं इथेच अडखळतात.

आता शेवटचा गैरसमज, दिसायला किरकोळ: “फॉर्म ऑनलाइनवाला भरतो, त्यात आपल्याला काय करायचं?” मध्य प्रदेशातल्या कॉलेजप्रवेशाचा, म्हणजे ई-प्रवेशचा, अर्ज कियोस्कवर भरला जातो आणि कितीतरी अर्जांत मोबाइल नंबर दुकानदाराचाच पडतो. पुढे जागा मिळाल्याचा संदेश, फी भरायची शेवटची तारीख, ओटीपी, सगळं त्याच्या फोनवर. तारीख चुकली की मिळालेली जागा जाते आणि पुढच्या फेरीची, नाहीतर कॉलेज लेव्हल काउन्सेलिंगची वाट पाहावी लागते. त्याहून चिवट अडचण नावाची. मराठी पद्धतीने नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं आधारवर. गुणपत्रिकेवर नुसतं नाव आणि आडनाव. मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंबनोंदणीत, म्हणजे समग्र आयडीत, आडनावच गायब. ज्ञानेश्वर इंग्रजीत एका कागदावर ‘डी’ने सुरू होतो, दुसऱ्यावर हिंदीच्या उच्चाराने ‘जी’ने. संगणकाला ही दोन माणसं वाटतात आणि शिष्यवृत्ती अडते. महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेल्या आणि पुढे शिकू पाहणाऱ्या सुनेचं तर समग्र आयडीत नाव चढवण्यापासूनच सुरू होतं. दुरुस्ती करताना दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरून बाकीचे कागद तिच्याशी जुळवावेत, आणि हे काम बारावीच्या वर्षीच उरकावं. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की त्याच खिडकीवर सगळा तालुका उभा असतो.