सकाळचे हिसके आणि योग्य औषध

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणालो. मी बँकेत कारकून, शिक्षण कलाशाखेचे. लिहिण्यासारखे माझ्याजवळ काय असणार? मग विचार केला की, शाळकरी वयापासून जो आजार सोबत घेऊन जगतो आहे त्याविषयीच लिहावे. संस्थेच्या अभ्यासिकेत परीक्षेच्या दिवसांत मुले-मुली रात्र रात्र जागतात, हे मी पाहतो. त्यांच्यापैकी एकाला जरी या लेखाचा उपयोग झाला तरी पुष्कळ झाले. मी डॉक्टर नाही. येथे सांगतो ते माझ्या अनुभवाचे आणि डॉक्टरांकडून वेळोवेळी समजून घेतलेले आहे.

सुरुवात कशी झाली

१९९५ साली मी दहावीत होतो. सकाळी मोरीवर दात घासताना एकाएकी हाताला हिसका बसला आणि ब्रश उडून भिंतीवर आपटला. कोणीतरी कोपर धरून ओढावे तसा तो हिसका होता. पुढे तसे वारंवार होऊ लागले. कधी चहाचा कप उडे, कधी कंगवा. शुद्ध जात नसे, दुखत नसे, आणि तासाभरात सगळे ठीक होई. आई म्हणायची, "लक्ष कुठं असतं रे तुझं? किती कप फोडशील?" मलाही वाटायचे की आपणच धांदरट आहोत.

अकरावीला विज्ञान शाखेत गेलो. रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक सकाळच्या पहिल्या तासाला असे. दोन वर्षांत किती परीक्षानळ्या आणि चंचुपात्रे फोडली याचा हिशेब नाही. फुटलेल्या वस्तूंचे पैसे भरावे लागत, आणि ते घरी मागताना मान खाली जाई.

१९९८ साली बारावीची परीक्षा आली. रसायनशास्त्राच्या पेपरच्या आदल्या रात्री मी पहाटे तीनपर्यंत जागलो आणि सहाला उठलो. भांग पाडताना दोन्ही हातांना एकामागून एक हिसके बसू लागले आणि पुढचे काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा जीभ चावली गेली होती, अंग ठणकत होते, नाकाशी कोणीतरी चप्पल धरली होती आणि मुठीत किल्ल्यांचा जुडगा होता. पेपर बुडाला तो बुडालाच.

शेजारीपाजारी नाना उपाय सुचवू लागले. कोणी बाहेरचे आहे म्हणाले, कोणी अंगारा आणून दिला. आई चौथीपर्यंत शिकलेली, पण तिने अंगारा बाजूला ठेवला आणि मला दवाखान्यात नेले. या गोष्टीचा मला आजही अभिमान वाटतो.

औषध मिळाले, पण चुकीचे

दवाखान्यात सर्वांनी मोठ्या झटक्याबद्दल सांगितले. डॉक्टरांनी कार्बामाझेपिन नावाची गोळी सुरू केली. मोठे झटके कमी झाले, पण सकाळचे हिसके मात्र पूर्वीपेक्षा दुप्पट झाले. हिसक्यांबद्दल मला कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. हिसके म्हणजे माझा धांदरटपणा आणि झटका म्हणजे आजार, अशी मी मनाशी वाटणी करून टाकली होती. एक वर्ष घरी बसलो आणि मग कला शाखेत प्रवेश घेतला. कला शाखेत हातात पेनाशिवाय काही धरावे लागत नाही, एवढाच त्यामागे विचार होता.

अशी दोन वर्षे गेली. २००० साली एका सरकारी रुग्णालयातील मेंदूविकार विभागात गेलो. तेथील वयस्कर डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी उठल्यावर हातातून वस्तू उडतात का?" मी आणि आई एकमेकांकडे पाहतच राहिलो. आई म्हणाली, "साहेब, आमच्या घरात आता कानाचा एक कप उरला नाही!" डॉक्टर हसले. मग त्यांनी मेंदूचा विद्युत आलेख, म्हणजे ई.ई.जी., काढायला सांगितला. आदल्या रात्री कमी झोपून या, अशी सूचनाही दिली. कारण या आजाराची खूण अपुऱ्या झोपेनंतरच्या आलेखात अधिक स्पष्ट उमटते.

हा आजार कोणता

स्नायू आपल्या इच्छेविना क्षणार्धात आखडून हिसका बसणे, याला वैद्यकशास्त्रात मायोक्लोनस म्हणतात. प्रत्येक हिसका आजार नसतो. डोळा लागता लागता आपण दचकतो किंवा आपल्याला उचकी लागते, हेही याच जातीचे प्रकार असून ते निरोगी माणसातही होतात. हात सतत थरथरणे म्हणजे कंप, तो निराळा.

मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होत असल्यास, मेंदूला काही काळ प्राणवायू न मिळाल्यास, किंवा काही औषधांच्या परिणामानेही असे हिसके येतात. म्हणून वयस्कर माणसाला अचानक हिसके सुरू झाले तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नये. रक्ताची तपासणी करावी आणि चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत.

माझा प्रकार यापेक्षा वेगळा. त्याचे नाव ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे किशोरवयात सुरू होणारा हिसक्यांचा अपस्मार. १८६७ साली एर्पां या वैद्याच्या पुस्तकात त्याचे वर्णन आले. पुढे १९५७ साली जर्मनीतील जान्झ आणि क्रिस्टियान या डॉक्टरांनी त्याची स्वतंत्र आजार म्हणून नीट मांडणी केली. तो बहुधा बारा ते अठरा या वयात सुरू होतो. बुद्धीवर त्याचा परिणाम होत नाही आणि मेंदूचे छायाचित्र साधारणतः निर्दोष येते. मेंदूच्या पेशी विजेच्या बारीक संदेशांनी एकमेकींशी बोलत असतात. या आजारात पुष्कळ पेशी एकाच क्षणी एकदम बोलून उठतात आणि तो लोट स्नायूपर्यंत पोहोचून हिसका बसतो. झोपेतून उठल्यानंतरचा काळ अशा लोटाला सर्वांत अनुकूल असतो, आणि झोप अपुरी असेल तर अधिकच. जागरण, दारू आणि काहींच्या बाबतीत लखलखणारे दिवे, ही त्याला चेतवणारी कारणे होत. हिसक्यांची माळ लागली की तिच्यामागून मोठा झटका येऊ शकतो. माझ्या पेपरच्या सकाळी नेमके तेच झाले होते.

औषधांविषयी

वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी अशी गोष्ट ही की, अपस्माराचे सर्व प्रकार एका औषधाने बरे होत नाहीत. कार्बामाझेपिन हे काही वाईट औषध नव्हे. मेंदूच्या एखाद्या विशिष्ट भागातून निघणाऱ्या झटक्यांवर ते उत्तम काम करते. परंतु माझ्या प्रकारात ते हिसके वाढवू शकते. फेनिटॉइनचेही तसेच. डॉक्टरांनी ती गोळी हळूहळू कमी करत बंद केली आणि सोडियम व्हालप्रोएट सुरू केले. तीन आठवड्यांनी एका सकाळी मी कप हातात घेऊन पूर्ण चहा प्यायलो. आई समोर बसून पाहत होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून सहा नवे कप आणले.

या औषधाचा इतिहासही मनोरंजक आहे. ते १८८२ साली अमेरिकेतील बर्टन या रसायनशास्त्रज्ञाने तयार केले आणि पुढे सुमारे ऐंशी वर्षे ते प्रयोगशाळेत इतर पदार्थ विरघळविण्याचे द्रव म्हणून वापरात राहिले. १९६२ साली फ्रान्समध्ये एमार नावाचा संशोधक दुसरीच द्रव्ये त्यात विरघळवून तपासत होता. कोणतेही द्रव्य घातले तरी झटके थांबतातच, असे दिसून आले. तेव्हा गुण त्या द्रव्यांचा नसून ज्यात ती विरघळवली त्या द्रवाचाच आहे, हे उमगले. १९६७ पासून फ्रान्समध्ये ते औषध म्हणून विकले जाऊ लागले.

औषध म्हटले की त्याचे दुष्परिणामही आलेच. माझे वजन वाढले, काही दिवस केस गळाले, आणि मात्रा जास्त होती तेव्हा बोटे थोडी थरथरत. डॉक्टरांनी मात्रा कमी केल्यावर ते थांबले. स्त्रियांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न गंभीर आहे. गरोदरपणी व्हालप्रोएट घेतल्यास बाळात जन्मजात व्यंग येण्याचा आणि त्याच्या बौद्धिक वाढीत अडथळे येण्याचा धोका बराच असतो. म्हणून मुलींना आणि तरुण स्त्रियांना शक्यतो दुसरे औषध देतात. लेव्हेटिरासिटॅम हे त्यांपैकी एक. ज्या बहिणी सध्या व्हालप्रोएट घेत असतील त्यांनी हे वाचून गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना भेटून विचारावे. व्हालप्रोएट आणि लेव्हेटिरासिटॅम ही दोन्ही आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. तेव्हा खर्चाच्या भीतीने कोणी उपचार टाळू नयेत. सरकारी रुग्णालयात चौकशी करावी.

माझी एक चूक

गोळी मनाने बंद करण्याचे फळ मी स्वतः भोगले आहे. २००४ साली बँकेत नोकरी लागली. चार वर्षे एकही हिसका नव्हता. वाटले, आपण बरे झालो; आता गोळ्या कशाला? कोणाला न विचारता त्या बंद केल्या. पाचव्या आठवड्यात घरातून निघता निघता उंबऱ्यातच झटका येऊन पडलो आणि कपाळाला टाके पडले. या आजारात हिसके थांबतात ते औषध चालू असल्यामुळे. औषध सोडल्यावर बहुतेकांना ते पुन्हा सुरू होतात, आणि एकदम सोडणे तर फारच धोक्याचे. त्या दिवसापासून रात्री अकराला झोप आणि वेळेवर गोळी, हा नियम मी मोडलेला नाही. लग्नाची वरात असो की मिरवणूक, मी अकराला घरी असतो. मित्र हसतात, त्यांना हसू देतो. वाहन चालवत नाही; परवान्याच्या अर्जात या आजाराविषयी स्पष्ट प्रश्न असतो आणि त्याला खोटे उत्तर देणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे होय.

लग्नाविषयीही दोन शब्द लिहितो. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहाच्या आड येणारी बाब मानली होती. तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. १९९९ सालच्या दुरुस्तीने अपस्मार हा शब्द त्यातून काढून टाकण्यात आला. कायद्याने डाग पुसला, पण माणसांच्या मनातून तो अजून पुसला गेलेला नाही. मी लग्नापूर्वी मुलीकडच्यांना सर्व सांगितले. दोन ठिकाणी नकार आला, तिसऱ्या ठिकाणी होकार आला. लपवून केलेल्या लग्नात गोळ्याही लपवाव्या लागतात आणि मग त्या चुकतात.

समोर कोणाला झटका आला तर

त्याला कुशीवर वळवावे, मान सैल करावी, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात. तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. चप्पल, कांदा, किल्ली यांचा काहीही उपयोग नाही. झटका पाच मिनिटांपेक्षा अधिक चालला किंवा लागोपाठ दुसरा आला तर तातडीने रुग्णालयात न्यावे.

शेवटी

२०२२ साली बहिणीकडे मुक्कामाला होतो. सकाळी तिची चौदा वर्षांची मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तो तिच्या हातून उडाला. बहीण रागावली, "मोबाईल बघत रात्रभर जागते आणि सकाळी अशी धडपडते!" मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मामा, मी नाही टाकला. हात आपोआप उडतो." माझ्या छातीत धस्स झाले. या आजारात आनुवंशिकतेचा काही भाग असतो, हे मला ठाऊक होते. त्याच आठवड्यात तिला मेंदूविकारतज्ज्ञाकडे नेले. हिसक्यांविषयी काय सांगायचे ते मी तिला आधीच एका कागदावर लिहून दिले होते: केव्हा येतात, कोणत्या हाताला, किती झोप झाली असताना. मोठा झटका येण्यापूर्वीच निदान झाले आणि लेव्हेटिरासिटॅम सुरू झाले. प्रारंभी थोडी चिडचिड होई. तो औषधाचा परिणाम असू शकतो असे डॉक्टरांनी सांगितलेच होते, आणि पुढे ती ओसरली.

मला योग्य औषधापर्यंत पोहोचायला पाच वर्षे लागली, भाचीला एक आठवडा. औषधे तर माझ्या वेळीही होती. फरक इतकाच की, तिच्या हिसक्याला कोणीतरी धांदरटपणा न म्हणता हिसका म्हटले.

विद्यार्थी मित्रांनो, सकाळी हातातून वस्तू उडत असतील तर लाजू नका. घरी सांगा आणि डॉक्टरांना सांगा. पालकांनीही मुलाच्या हातून कप फुटला की रागावण्यापूर्वी एकदा विचारावे, "हात आपोआप उडतो का?" भाची आज विज्ञान शाखेत शिकत आहे. तिचेही रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक सकाळी पहिल्या तासाला असते आणि ती ते नेमाने करते.