ग्राहकाची अदृश्य प्रतवारी

वाण्याच्या उधारीच्या वहीत आपल्या नावापुढे काय मांडले आहे, हे गिऱ्हाईक विचारू शकते. आकडा चुकला असेल तर भांडूही शकते. अमेरिकेतील ग्राहकाविषयी जी वही आज लिहिली जाते ती मात्र त्याच्या दृष्टीस क्वचितच पडते. त्या देशाच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ साली माहितीचा व्यापार करणाऱ्या नऊ कंपन्यांचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांपैकी एकीने जवळजवळ प्रत्येक अमेरिकन ग्राहकाचे ३,००० प्रकारे वर्गीकरण केल्याचे उघड झाले. आदल्या वर्षी सेनेटच्या समितीला जे वर्ग आढळले, त्यांत एकाचे नाव ‘खेड्यातले, जेमतेम तग धरून असलेले’ अशा अर्थाचे होते. दारिद्र्याची अशी यादी करून ती विकावी, याला व्यापारी चातुर्य म्हणावयाचे की निर्ढावलेपणा?

या प्रश्नाकडे लवकर लक्ष वेधणाऱ्यांत विद्यापीठे होती. कोलंबियाचे ॲलन वेस्टिन यांचा ग्रंथ १९६७ चा, तर मिशिगनच्या विधी महाविद्यालयातील आर्थर मिलर यांचा १९७१ चा. त्या काळी पतपेढ्यांना व विमा कंपन्यांना अहवाल पुरविणारे लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुजबुजीवरून माणसाचे चारित्र्य ठरवीत. १९७० च्या कायद्याने ग्राहकाला आपल्याविषयीची नोंद जाणून घेण्याचा आणि तीवर हरकत घेण्याचा हक्क दिला. मात्र तो कायदा नोंदींचा आहे. नोंदींवरून काढलेल्या अनुमानांना आवरण्यास तो अपुरा पडतो.

नेमके हेच डॅनिएल सिट्रन आणि फ्रँक पास्क्वाल या दोघा विधी-प्राध्यापकांनी २०१४ च्या निबंधात मांडले. यंत्राने दिलेल्या गुणांवरून माणसाचे कर्ज वा नोकरी ठरणार असेल, तर नैसर्गिक न्यायाची तत्त्वे तेथेही लागू व्हावयास हवीत, हे त्यांचे सूत्र. कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते : गणिताची रीत हे व्यापारी गुपित आहे.

यात कोणाचा दुष्ट हेतू असावाच लागतो असे नाही. सोलोन बारोकास व अँड्र्यू सेल्ब्स्ट यांनी २०१६ मध्ये नोकरभरतीच्या संदर्भात दाखविले की, जुन्या पक्षपाती निर्णयांवर शिकविलेले यंत्र तोच पक्षपात निर्विकारपणे पुढे चालविते. बाजारातील उदाहरण तर अधिकच बोलके आहे. २०१२ साली वॉल स्ट्रीट जर्नलने स्टेपल्स या विक्रेत्याच्या दरांची छाननी केली. प्रतिस्पर्धी दुकान जवळ असेल तेथील ग्राहकाला संकेतस्थळावर सवलतीचा दर दिसे, दूरच्याला चढा. हिशेब निव्वळ अंतराचा. परंतु परिणाम असा की, सवलत मिळालेल्या भागांचे सरासरी उत्पन्न चढ्या दराच्या भागांहून अधिक निघाले!

प्राध्यापकांच्या उपायात एक उणीव मात्र राहते. सुनावणीचा हक्क ज्याला आपल्यावर अन्याय झाल्याचे कळले त्याच्या कामाचा. शेजाऱ्याला तीच वस्तू स्वस्त मिळाली, याचा ज्याला पत्ताच नाही तो दाद कशाची मागणार? तेव्हा सिद्धतेचा भार विक्रेत्यावर टाकणे आणि सरकारी तपासनिसांना त्या गुपितात डोकावण्याचा अधिकार देणे, हाच मार्ग उरतो.

भारतातही हा प्रश्न दारात आला आहे. एकाच प्रवासाचे भाडे भ्रमणध्वनीच्या प्रकारानुसार बदलते, या तक्रारीवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये ओला व उबर यांना नोटिसा धाडल्या. कंपन्यांनी आरोप नाकारला. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, निर्णयासाठी वापरावयाची माहिती पूर्ण व अचूक असावी, एवढे सांगतो. केवळ यंत्राने घेतलेल्या निर्णयापासून संरक्षणाची तरतूद युरोपच्या नियमावलीच्या बाविसाव्या कलमात आहे. भारताच्या कायद्यात तसे कलम नाही.